आम्ही गाडीला कव्हर घालतो

‘कव्हर’ हा शब्द मराठीत नेमका केव्हा आला, हे भाषापंडितांनी शोधून काढावं. पण तो पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन राहिला, एवढं मात्र खरं. आणि त्याला राहायला जागा तरी किती तयार होती! उशीला अभ्रा होता, गादीला खोळ होती, पोथीला रुमाल होता, तंबोऱ्याला गवसणी होती. म्हणजे कव्हरं सगळी होती, फक्त त्यांना एक आडनाव नव्हतं.

आपल्या मध्यमवर्गीय घरात वस्तू आधी येते की तिचं कव्हर आधी येतं, हे सांगणं कठीण आहे. जून महिन्यात शाळेची पुस्तकं घरी आली की ती वाचायच्या आधी त्यांना खाकी कागद चढायचा. कोणत्या पुस्तकात काय आहे हे वर्षअखेरपर्यंत कळलं नाही तरी चालेल, पण कोपरे दुमडता कामा नयेत! रेडिओला भरतकामाचं कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या डोक्यावर विणलेला रुमाल आणि त्याच्या मुठीला पायमोजा. रिमोटला प्लास्टिकची पिशवी अशी घट्ट बसवलेली की वर्षभरात तिच्यातून आकडे दिसेनासे व्हावेत आणि माणसाने अंदाजाने बातम्या लावाव्यात. माझ्या एका मावशीकडच्या सोफ्याचा मूळ रंग आज घरात कुणालाच ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होता, ते काका १९९४ साली वारले.

त्यामुळे गाडीला अंगभर चिकटणारं कव्हर निघालं आहे असं ऐकलं, तेव्हा मला आश्चर्य वाटलं ते इतकंच, की हे आपल्याकडे आधी कुणाला कसं सुचलं नाही? त्याला ‘रॅप’ म्हणतात. विनाइलचा पातळ पापुद्रा, पाठीला गोंद आणि पोटाला रंग. गाडीला चिकटवायचा, कंटाळा आला की सोलायचा. खालचा रंग धड असेल, तर तो होता तसा परत हजर!

विनाइल म्हटलं की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे ग्रामोफोनची तबकडी येते. तीही याच गोत्रातली. मूळ पुरुष पी.व्ही.सी. हा पदार्थ स्वभावाने कडक आणि ठिसूळ. त्याला माणसाळवलं ते वॉल्डो सेमन नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने, १९२६ साली, ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी. गडी शोधत होता रबर धातूला चिकटवायचा गोंद. गोंद काही सापडला नाही, हाती आलं हे लवचिक विनाइल. पुढे त्याच्या नळ्या झाल्या, रेनकोट झाले, तबकड्या झाल्या आणि शेवटी दुसऱ्याच कुणाचा तरी गोंद पाठीला लावून ते धातूला चिकटलंच! नशिबात असलेला पत्र्याशी संबंध त्यालाही टाळता आला नाही.

आता आमच्या पत्र्याविषयी. आमच्याकडे मारुती ८०० आहे. बाबांनी ती निवृत्तीच्या पैशांतून २००३ साली घेतली. बाबांच्या मनात पांढरी होती. पण ‘पांढरी गाडी रुग्णवाहिकेसारखी दिसते,’ असं म्हणून आईने लाल निवडली. २०१४ साली कंपनीने हे मॉडेल काढणंच बंद केलं. आम्ही मात्र चालवणं बंद केलं नाही. पंधरा वर्षं झाल्यावर फेरनोंदणी केली, त्यानंतर पाच वर्षांनी पुन्हा केली. बाबा गेले, गाडी राहिली. इंजिन अजून एका चावीत सुरू होतं. प्रश्न होता तो रंगाचा.

लाल रंग दिसायला तापट, पण उन्हापुढे लवकर मान टाकतो. आकाशाकडे तोंड करून असलेला भाग, म्हणजे बॉनेट, टप आणि डिकी, आधी फिका पडला, मग गुलाबी झाला आणि शेवटी शंभर वेळा धुतलेल्या लुगड्यासारखा विटका दिसायला लागला. मला त्याचं काही वाटत नव्हतं. माझ्याही डोक्यावरचा भाग आकाशाकडे तोंड करून असतो आणि त्याचंही तेच झालं आहे.

पण आईचं तसं नव्हतं. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. तिच्या डोळ्यांच्या पडद्याची मधोमध झीज झाली आहे. समोरच्या माणसाचं नाक तिला दिसत नाही, पण त्याच्या कडेची खिडकी दिसते. अशा नजरेनिशी ती दर गुरुवारी भजनी मंडळाला जाते, आणि त्याचे नियम ठरलेले आहेत. मी कुलूप लावून, विसरलेली छत्री आणायला परत वर जाऊन खाली पोचेपर्यंत ती जिना उतरून, कठड्याला धरून, एकटीच गाडीपाशी जाऊन उभी राहणार. हात धरलेला तिला चालत नाही. गाडी ओळखायची तिची खूण सोपी. आमच्या सोसायटीत पांढऱ्या, करड्या आणि चंदेरी गाड्यांची रांग असते. त्यात लाल डाग दिसला की ती आपली.

गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्यांनी नवी गाडी घेतली. लाल. एका गुरुवारी आई आमच्या गाडीच्या समोरून गेली, ती तिला दिसलीच नाही, आणि चार गाड्या पलीकडच्या त्या नव्या लाल गाडीचं दार तिने ओढलं. त्या गाडीला भोंगा बसवलेला. तो असा काही कोकलला की सगळी सोसायटी गॅलरीत आली. ‘आजी, काही नाही हो, होतं असं!’ असं एकाच वेळी अकरा जण म्हणाले. अकरा जणांनी ‘काही नाही’ म्हटलं की काहीतरी आहे हे माणसाला नक्की कळतं.

पुढच्या गुरुवारी आई म्हणाली, “पाय दुखतोय रे, राहू दे आज.” त्याच्या पुढच्या गुरुवारी म्हणाली, “मंडळात आता पूर्वीसारखं कुणी येत नाही.” तिसऱ्या गुरुवारी तिने काहीच कारण दिलं नाही. तेव्हा मी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गेलो.

त्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, टपावर टिचकी मारली आणि म्हणाला, “अठ्ठावीस हजार. आणि साहेब, विकायची म्हणाल तर पंचवीस मिळतील.” म्हणजे रंगावर गाडी फुकट! रॅप लावून देणाऱ्या वातानुकूलित दुकानात सांगितलेला आकडा मी इथे लिहीत नाही. तो ऐकून आल्यावर मी गाडीशी जरा आदराने वागू लागलो. घरी येऊन जाहीर केलं, “आपण घरीच करू.”

या वाक्यात ‘आपण’ म्हणजे कोण, हा प्रश्न आमच्या घरात नेहमीच वादग्रस्त असतो. पण त्याआधी रंगावर सभा भरली. चिरंजीव म्हणाले, “बाबा, मॅट ब्लॅक! एकदम भारी दिसेल.” हिला मोरपंखी हवा होता, कारण तिच्या एका साडीचा रंग तिला पुन्हा कुठे मिळालेला नव्हता. तळमजल्यावरचे बँकवाले काका आमच्या घरचे नसले तरी सभेला होतेच. ते म्हणाले, “आर.सी.वर गाडीचा रंग लिहिलेला असतो. बदलायचा तर आधी आर.टी.ओ.कडे अर्ज करा, नोंद बदलून घ्या. नाहीतर चौकात मामा विचारेल, कागदावरची लाल गाडी कुठाय?” यावर मी म्हटलं, “लालच लावायचा.”

“लालवर लाल?” चिरंजीव खुर्चीतून पडायचे राहिले. “मग केलं हे कळणार कुणाला?”

“ज्याला कळायला हवं त्याला.”

तो एकदम गप्प झाला. आजीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्याने तिकडे पाहिलं आणि म्हणाला, “रविवारी किती वाजता?”

विनाइल आणायला नाना पेठेत गेलो. गाड्यांच्या सुट्या भागांच्या त्या मुलखात जगात बंद पडलेल्या कुठल्याही गाडीचं काहीतरी मिळतंच. दुकानदाराने दोन प्रकार समोर टाकले. एक महाग, एक स्वस्त. महागाला म्हणतात कास्ट आणि स्वस्ताला कॅलेंडर्ड. कास्ट विनाइल पातळ द्रव ओतून, पसरून, भट्टीत वाळवतात. कॅलेंडर्ड विनाइल गरम रुळांमधून दाबून लांबवतात. “साब, ये बोर्डवाला माल है,” तो स्वस्ताकडे बोट दाखवून म्हणाला. म्हणजे दुकानांच्या पाट्यांवर लावायचा. “सपाट जागेवर मस्त बसतो. वळणावर ओढलात तर परत जातो. उन्हात दोन-तीन वर्ष.” रुंदी जवळजवळ पाच फूट, म्हणजे १.५२ मीटर. आमच्या मारुतीची पूर्ण रुंदी १.४४ मीटर. जणू तिचंच माप घेऊन विणलेलं! दुकानदाराच्या प्रामाणिकपणावर खूश होऊन मी स्वस्तातला बारा मीटर घेतला. पाच हजारांच्या आत काम झालं.

‘परत जातो’ म्हणजे काय, ते घरी आल्यावर हिने उलगडून सांगितलं. मी दुकानातलं ज्ञान जसंच्या तसं ओतत होतो आणि ती पोळ्या लाटत होती. “त्यात काय एवढं?” ती म्हणाली. “तुमचं ते महागाचं म्हणजे घावन. पीठ ओतलं, आपोआप पसरलं, जिथल्या तिथे शिजलं. ते कशाला आक्रसेल? आणि हे स्वस्ताचं म्हणजे मैद्याची पुरी. जबरदस्तीने लाटलेली. हात सोडला की पुन्हा मूळ पदावर. तिला ओढायचं नसतं, दमाने घ्यायचं असतं.” मी पुष्कळ तज्ज्ञांची माहिती ऐकली, पण कॅलेंडर्ड विनाइलचा स्वभाव इतक्या थोडक्यात कुणीही सांगितलेला नाही. कामाची सूत्रं मी तिथल्या तिथे तिच्या हाती दिली. खरं तर ती तिच्याकडेच होती. मी फक्त जाहीर केलं.

पहिला अर्धा रविवार नुसत्या तयारीत गेला. विनाइल रंगाला चिकटतं आणि रंग गाडीला चिकटलेला असतो. त्यातला एक जरी नोकरी सोडून निघाला, तर दोघेही निघतात. म्हणून सुटलेले पोपडे पाण्याच्या पेपरने घासून काढले, दोन ठिकाणी लांबी भरली, गाडी साबणाने धुतली आणि शेवटी स्पिरिटने पुसली. आवारात असा वास सुटला की दूध घालायला आलेल्या मुलाने नकळत दंड पुढे केला. काम सावलीत करायचं, कारण तापलेल्या पत्र्यावर गोंद फार उतावीळ होतो. पण फार गारठ्यातही नाही, कारण मग विनाइल हट्टी होतं. डिसेंबरात नऊ ते अकरा ही वेळ हिने मुक्रर केली. तिने आजवर सगळ्यांचे मुहूर्त काढले होते, हा एक राहिला होता.

मग तो सोहळा झाला. मागचा कागद सोलून एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने चिरंजीव असा तो लाल पट बॉनेटवर ताणून उभे राहिलो. हुबेहूब अंतरपाट! एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला बँकवाले काका. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी “सावधान!” असं ओरडलं, आणि खरोखरच तिथे सावध राहण्याची गरज होती, कारण हे विनाइल गाडीला चिकटण्यापूर्वी स्वतःला चिकटायला बघतं. एकदा त्याने स्वतःलाच मिठी मारली की सोडवणं फार जड जातं. मधोमध टेकवायचं, मग फेल्टची किनार असलेल्या पट्टीने मधून कडेकडे दाबत जायचं. भारी विनाइलच्या पाठीवर हवा निघून जायला बारीक चर असतात. स्वस्ताच्या पाठीवर असले लाड नाहीत. त्यामुळे फुगे येतात. फुगा आला की घाबरायचं नाही. त्याला कडेला टाचणीने टोचायचं आणि हवा भोकाकडे सारत न्यायची. पुस्तकाच्या कव्हराखालचा फुगा मुलं अंगठ्याने घासून घासून फाडायची आणि हिने तेव्हाही त्यांना हेच सांगितलं होतं.

बघ्यांची आपल्याकडे कधीच वाण नसते. निवृत्त इंजिनियर म्हणाले, “अहो, उजवीकडून सुरू करायला हवं होतं.” ते कशालाही उजवीकडूनच सुरू करा म्हणतात. एक बाई म्हणाल्या, “किती छान! आमच्या फ्रिजला पण लावाल का?” बँकवाले काका दर पाच मिनिटांनी “फुगा!” असं म्हणून काठीने दाखवत होते. त्यातले निम्मे फुगे खरे होते. वरून आईचा आवाज आला, “कुणाचा मिक्सर बिघडलाय का रे?” तो हीट गनचा आवाज होता. आईला आम्ही काहीच सांगितलेलं नव्हतं.

हीट गन म्हणजे केस वाळवायच्या यंत्राचा थोरला, तापट भाऊ. कडा आणि वळणं याच्यावाचून बसत नाहीत. उष्णतेने विनाइल मऊ पडतं आणि दिव्याच्या खाचेत, रबराच्या आत, दाराच्या काठावर निमूट वळतं. सगळ्यात शेवटी कडांना पुन्हा चांगला चटका द्यावा लागतो. म्हणजे नव्वद अंशांच्या पुढे. त्याने त्या मैद्याच्या पुरीला आपलं मूळ पद विसरायला होतं. आता नव्वद अंश झाले की नाही हे कसं कळणार? आमचे वॉचमन धावत जाऊन केबिनमधलं तापमापकाचं पिस्तूल घेऊन आले. सोसायटीने २०२० साली घेतलेलं, करोनाच्या दिवसांत आम्हा सर्वांच्या कपाळावर रोखलेलं. त्यांनी ते सरावाने बॉनेटवर रोखलं. पडद्यावर आकडा आलाच नाही, नुसतं ‘हाय’ असं आलं. माणसाच्या तापापलीकडचं त्या बिचाऱ्याला मोजताच येत नाही. वॉचमन गंभीर होऊन म्हणाले, “साहेब, हिला आत घेता येणार नाही.”

चार रविवार लागले. बॉनेट, टप, डिकी, मग दोन्ही बाजू. कारण टप लाल झाल्यावर दारं एकदम म्हातारी दिसायला लागली. या चार रविवारांत मला एक गोष्ट उमगली, ती कव्हर घालणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असावी. विनाइल रंग झाकतं, पोचा झाकत नाही. उलट नव्या चकाकीत तो जास्तच उठून दिसतो. डाव्या दारावरचा पोचा बाबांनी तुळशीबागेजवळ रिक्षाला वाट देताना मिळवलेला. मागच्या मडगार्डचा चिरंजीव गाडी शिकत असतानाचा. डिकीवरचा छोटा खळगा कुणाचा, याबद्दल आमच्यात पंधरा वर्षं दोन मतं आहेत आणि ती विनाइलखालीही कायम राहिली. डेंटिंगवाल्याने हे सगळं अठ्ठावीस हजारांत सपाट करून दिलं असतं. माझ्या हातातली पट्टी त्या प्रत्येक खळग्यात उतरली आणि वर आली. ज्या वस्तूला आपण कव्हर घालतो, ती आपण टाकून देणार नसतो. टाकायच्या वस्तूला कुणी कव्हर घालत नाही.

चौथ्या रविवारनंतरच्या गुरुवारी मी आईला म्हटलं, “चल, मंडळात सोडतो.” ती नको म्हणाली. मी म्हटलं, “मला त्या बाजूला काम आहे, नुसती बस गाडीत.” ती चपला घालून निघाली. मी नेहमीप्रमाणे छत्री विसरलो. डिसेंबर संपत आला होता, आभाळ कोरडं होतं, पण छत्री विसरणं भाग होतं. वर जाऊन जिन्याच्या खिडकीत उभा राहिलो. शेजारी ही आणि चिरंजीव येऊन उभे राहिले.

आई कठड्याला धरून चालत आली. पांढरी गेली, चंदेरी गेली, करडी गेली. मग ती थांबली. मान जराशी तिरकी केली, कडेच्या नजरेने पाहायला करते तशी. आणि सरळ आमच्या गाडीपाशी जाऊन डाव्या दाराला हात लावला. हात पोच्यावर गेला, तिथे क्षणभर राहिला, मग मुठीवर आला.

मी धावत खाली गेलो. छत्री वरच राहिली ती राहिलीच. दार उघडून दिलं. आई आत बसली, पदर सावरला, पुढ्यातल्या लाल बॉनेटकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली,

“बरं केलंस. किती दिवसांनी धुतलीस!”